‘ओळखलंत का?’



दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही घरोघर हिंडतो, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या फेरीतील एका घरी ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या एक आजी आहेत. गेली चार वर्षे त्यांची स्मृती हळूहळू मावळत चालली आहे. त्यांच्यापुढे बसलो की आम्ही अगदी आपुलकीने विचारीत असू, “आजी, मला ओळखलंत का?” पहिल्या वर्षी त्या हसून म्हणत, “फादरना कोण ओळखत नाही?” पुढे त्या नुसत्याच हसू लागल्या. गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी मात्र त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले आणि सुनेला विचारले, “हे मास्तर कशाला येतात गं? मला काही येत नाही.”

सून हसली, आम्हीही हसलो. आजी हसल्या नाहीत, एवढे मात्र आता स्पष्ट आठवते.

त्याच सुमारास आमच्या हातून दुसरी चूक घडली, आणि ती अधिक मोठी होती. रविवारच्या मोठ्या मिस्सेत प्रवचन चालू असता आजी मध्येच लहानपणचे एखादे भक्तिगीत मोठ्याने म्हणू लागत. दोन-तीन रविवार असे झाल्यावर मंदिरात कुजबुज सुरू झाली. आम्ही आजींच्या मुलास बाजूला घेऊन सांगितले, “आईला घरीच राहू दे. ख्रिस्तशरीर मी आणून देतोच आहे.” तो “बरं, फादर” एवढेच म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला. त्यानंतर तो स्वतःही मोठ्या मिस्सेस दिसेनासा झाला, हे आमच्या ध्यानी यावयास सहा महिने लागले. आणि तेही ध्यानी आले ते येथे नव्हे, ग्वाल्हेरास.

सेमिनरीतील आमचे एक सहाध्यायी ग्वाल्हेरच्या धर्मप्रांतात सेवा करितात. हा धर्मप्रांत १९९९ साली स्थापन झाला. नाताळची धांदल उरकल्यावर गेल्या जानेवारीत आम्ही आठ दिवस त्यांच्याकडे राहावयास गेलो. ग्वाल्हेर म्हटले की आपल्या मनात किल्ला उभा राहतो; परंतु मराठी माणसास ते गाव परके वाटत नाही, ते निराळ्या कारणाने. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दौलतराव शिंदे यांच्या सैन्याचा तळ जेथे पडला, त्या भागाचे नाव आजही ‘लष्कर’ असेच आहे, आणि तेथील जुन्या गल्ल्यांतून अजून मराठी कानी पडते. राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांची अखेर १९४१ साली येथेच झाली. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली येथे आपले संगीत विद्यालय काढले, आणि १९१८ साली पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाने माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. २०२३ साली युनेस्कोने या नगरास ‘संगीताचे नगर’ म्हणून आपल्या यादीत स्थान दिले. आमच्या मित्राने आम्हांस तानसेनाची समाधीही दाखविली. तेथील चिंचेची पाने चघळल्यास गळा गोड होतो अशी गवयांची समजूत आहे. आम्हीही दोन पाने चघळली. गुण आला की नाही, ते आमच्या गाण्याच्या मिस्सेस येणाऱ्यांनी सांगावे.

त्याच मित्राने एके दिवशी दुपारी आम्हांस लष्करातील एका मराठी घरी नेले. घरातले आजोबा आयुष्यभर गाणे शिकवीत होते. त्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे. डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात तोच हा आजार. पोटच्या मुलाला ते आता ‘भाऊसाहेब’ म्हणून हाक मारतात, म्हणजे कोणी सभ्य परका गृहस्थ समजतात. आम्ही उंबरा ओलांडतो न ओलांडतो तोच सूनबाई पुढे आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “फादर, एक विनंती. बाबांना काही विचारू नका हं. विचारलं की ते घाबरतात.”

वाचकहो, आमच्या जिभेवर तोच प्रश्न तयार होता. तो आम्ही गिळला.

सूनबाईंनी कोपऱ्यातील तंबोरा आणून गवसणीसकट आजोबांच्या मांडीवर ठेवला. “बाबा, हा वाजवा,” असे त्या म्हणाल्या नाहीत. काहीच म्हणाल्या नाहीत. आजोबांचा हात काही वेळ कापडावरून नुसता फिरत राहिला. मग बोटांनी नाडीची गाठ शोधली, सोडली, आणि गवसणी खाली सरकली. खुंटी पिळली, तार छेडली, पुन्हा पिळली. घोडीवरच्या तारेखाली जवारीचा दोरा सरकवून तो केसभर मागे घेतला. जो माणूस सकाळी सदऱ्यात हात कुठून घालावा हे विसरला होता, त्याची ती बोटे कोणासही काही विचारीत नव्हती. चारही तारा बोलू लागल्या तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिले व म्हणाले, “हं, सा लाव.”

त्यांनी आम्हांस नवा शागीर्द समजले होते. आम्ही सा लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकला, आणि मान हलवून म्हणाले, “कच्चा आहे. पुन्हा.” असे पाऊण तास चालले. पौरोहित्याच्या इतक्या वर्षांत आमचा सूर इतक्या निर्भीडपणे कोणी तपासला नव्हता. निघताना आजोबांनी भाऊसाहेबांना, म्हणजे स्वतःच्या मुलाला, सांगितले, “याला उद्या पाठवा. मेहनत घेईल तर होईल.” मुलाने “हो, बाबा” म्हटले, आणि तो आत निघून गेला. काही वेळाने बाहेर आला तेव्हा त्याने तोंड धुतलेले होते.

हे कसे घडते, हे आम्ही नंतर डॉक्टरांना विचारून व वाचून समजून घेतले. स्मृती म्हणजे एकच कोठार नव्हे. काल काय घडले, समोरचा कोण, आज वार कोणता, ही स्मृती मेंदूच्या ज्या भागात जुळते, त्या भागास या आजारात आरंभीच इजा पोहोचते. हातांना वर्षानुवर्षे जडलेले कसब, पाठ झालेली गाणी व प्रार्थना, ही मेंदूच्या दुसऱ्या भागांच्या आश्रयाने राहतात, आणि ते भाग पुष्कळ काळ तग धरतात. प्रश्न विचारणे म्हणजे पडलेल्या दारावर पुनःपुन्हा थाप मारणे होय. सूनबाई त्या दाराकडे गेल्याच नाहीत. त्यांनी कापडाचा स्पर्श व तारेचा नाद पुढे केला.

हा आजार नवा नव्हे. जर्मनीचे डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली आपल्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील बदल वैद्यांच्या सभेपुढे मांडले. डिमेन्शियाचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात आहे. अशा रुग्णांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी काम करणारी आपल्या देशातील संस्था १९९२ साली केरळात सुरू झाली. म्हणजे ‘आमच्याच घरी हे का’ असे म्हणून जी घरे दार लावून बसतात, ती एकटी नाहीत. मराठीत तर या विषयावर एक उत्तम चित्रपटही झाला आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या २०१३ सालच्या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृती हरवलेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. हा पंडित एका हत्तीच्या मागोमाग चालत जातो आणि माहुताच्या बायकोच्या आसऱ्याला राहतो. ती बाई त्याला तो कोण हे विचारीत बसत नाही. ती त्याला लेकरासारखे खाऊ-पिऊ घालते. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्या युवक मंडळाने हा चित्रपट धर्मग्रामात अवश्य दाखवावा.

परदेशांत या गोष्टीस उपचारपद्धतीचे रूप आले आहे. हॉलंडात १९७० नंतरच्या दशकात बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी मंद दिवे, मऊ वस्तू, सुवास व हलके संगीत असलेल्या खोल्या तयार करण्यात आल्या, आणि पुढे त्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीही वापरल्या जाऊ लागल्या. त्यांना ‘स्नूझलेन’ असे नाव आहे. हुंगणे व पेंगणे अशा अर्थाचे दोन डच शब्द सांधून ते बनविले आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २००६ साली अशा रुग्णांना घरच्या माणसांसह बोलावून चित्रांपुढे बसविण्यास आरंभ केला. तेथे चित्रकाराचे नाव व साल कोणी विचारीत नसे. चित्रात काय दिसते, ते पाहून काय वाटते, एवढेच बोलणे. आता याचा गुण किती, हेही सांगितले पाहिजे. जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात संगीताने रुग्णांची खिन्नता बहुधा कमी होते असे आढळले. चित्रकलेविषयी मात्र खात्रीने सांगण्याइतका पुरावा तिला मिळाला नाही. गेलेली स्मृती यांपैकी कशानेही परत येत नाही. एखाद्याने बाटलीभर तेल किंवा काही चित्रांची वही ‘स्मृती परत आणणारी’ म्हणून विकावयास आणली, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

आणि जे एकास मानवते ते दुसऱ्यास मानवतेच असे नाही. ग्वाल्हेरच्या त्या आजोबांपुढे नातीने हौसेने रंगाच्या वाट्या मांडल्या होत्या. त्यांनी हिरव्या रंगात बोट बुडविले, ते चहात धुतले, आणि चहा पिण्याच्या बेतात होते. रंग त्यांचे नव्हतेच; ते सुरांचे मनुष्य. उलट संक्रांतीचे तीळ चुलीवर तडतडू लागले की ते खोलीतून उठून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहतात, असे सूनबाईंनी सांगितले. (वासाची जाणीव मात्र या आजारात पुष्कळांची लवकरच मंदावते, आपल्या माणसास वास येईनासा झाला असेल तर त्याला हट्टी म्हणू नये.) ज्याच्या हातांनी जन्मभर जे केले, तेच त्याच्यापुढे ठेवावे. जाळे विणणाऱ्यास दोरा, शेतकऱ्यास शेंगांची टोपली, शिंप्यास कापड, स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या बाईस मळण्यासाठी कणीक. पंधरा-वीस मिनिटे पुरेत, आणि रोज तीच वेळ असावी. एका वेळी एकच गोष्ट. रेडिओ, टीव्ही व नातवंडांचा गलबला एकदम सुरू असेल तर त्यात सुख नाही, छळ आहे. काम चुकले तर चुकू द्यावे; निवडलेल्या शेंगा पुन्हा टोपलीत मिसळून उद्या पुढे ठेवाव्यात. परंतु ती तान्ही मुले आहेत असे समजून खुळखुळा हातात देऊ नये. त्यांची लाज व मान त्यांच्या स्मृतीपेक्षा जास्त टिकते.

दोन सूचना व्यवहाराच्या. विसराळूपणा दिसू लागताच प्रथम डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची खिन्नता किंवा एखाद्या औषधाचा परिणाम यांमुळेही माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, आणि त्यांवर इलाज आहे. एकदोन दिवसांत अचानक भ्रम झाला तर तो आजारच निराळा, तेथे विलंब करू नये. तसेच चष्मा पुसलेला आहे ना व कानात मळ नाही ना, हे पाहावे. ज्यास दिसतही नाही व ऐकूही येत नाही त्याच्यापुढे तंबोरा ठेवून काय उपयोग? तोंडात घातल्यास अपाय होईल अशी वस्तू हातात देऊ नये. कोठे विचारावे हे सुचेनासे झाले तर वृद्धांसाठी सरकारने १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक ठेवला आहे.

आणखी एक गोष्ट त्या घरातील पुरुषांनी नव्हे, सूनबाईंनी आम्हांस सांगितली, तीही अगदी निघताना, चपला घालता घालता. “सगळे म्हणतात, किती छान युक्ती काढलीस. पण फादर, रात्री तीनदा उठावं लागतं. दोन वर्षांत सलग झोप नाही.” तंबोऱ्याचे कौतुक करणारे आम्ही सारे पुरुष तेथे उभे होतो. त्यांचा दीर दोन गल्ल्या पलीकडे राहतो. आठवड्यातून दोन रात्री त्याने बाबांपाशी निजावे, असे आमचे मित्र दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जाऊन सांगून आले. तो तयार झाला. एवढ्या दिवसांत त्यास कोणी हे सांगितलेच नव्हते. आपल्याकडेही ज्या घरी असा आजार आहे तेथे एकच सून किंवा एकच अविवाहित मुलगी सर्व भार वाहते, हे आम्ही पाहतो, आणि बाकीची भावंडे सणाला मिठाई घेऊन येतात.

परतीच्या गाडीत आम्हांस सारखी आमच्या धर्मग्रामातील आजींची आठवण येत होती. त्यांचा मुलगा मोठ्या मिस्सेस का येत नाही, हे कोडे झांसीच्या अलीकडेच सुटले. आम्ही धर्मगुरू लोक प्रवचनात सांगतो की प्रभू येशूने आपल्या कृपेसाठी पाणी, तेल, भाकर व द्राक्षरस निवडले. हाताला लागणारी, जिभेला कळणारी ही द्रव्ये होत. एम्माऊसच्या वाटेवर दोघा शिष्यांनी प्रभूचे भाष्य कित्येक कोस ऐकले, तरी ओळखला तो भाकर मोडणाऱ्या त्याच्या हातांवरून. मरिया माग्दालेनेने त्याला डोळ्यांनी पाहिले तेव्हा तो तिला माळी वाटला. ओळख पटली ती तिच्या नावाने हाक आली तेव्हा. आणि हे सारे शिकविणाऱ्या आम्हीच, जिची जीभ अजून भक्तिगीत विसरली नव्हती अशा बाईस मंदिराबाहेर बसविले, कारण आमचे प्रवचन तिच्या गाण्याने तुटत होते.

परत आल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी आम्ही त्या घरी गेलो. मुलाची क्षमा मागितली. तो काही वेळ बोलला नाही, मग म्हणाला, “फादर, आईनंच मला त्या मंदिरात हाताला धरून नेलं होतं.” आम्ही त्यावर काय बोलणार?

आजींना त्या वेळी तेलाभ्यंगाचा संस्कार दिला. पुष्कळांस अजून वाटते की तो मरणाच्या दारी असलेल्यासाठीच आहे. परंतु वार्धक्याने क्षीण झालेल्यासही तो देता येतो, आणि पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली त्याचा विधी नव्याने ठरवून दिला तेव्हापासून तो कपाळावर व हातांवर तेल लावून दिला जातो. तेल तळहातास लागताच आजींनी दोन्ही हात एकमेकांवर चोळले, नाकाशी नेले, आणि स्वतःच क्रूसाची खूण केली. आम्ही काहीही विचारले नाही. “आजी, मी फादर. तुमच्यापाशी बसायला आलोय,” एवढे सांगितले आणि बसलो.

त्या घरची मोगऱ्याची बाग आहे. आजींनी चाळीस वर्षे कळ्या खुडून वळेसर केले व पहाटेच्या गाडीने बाजारी धाडले. सुनेने परडीभर कळ्या व दोरा त्यांच्यापुढे ठेवून पाहिला. पहिल्या दिवशी आजींनी कळ्या नुसत्या कुरवाळल्या, एक खाल्लीही. तिसऱ्या दिवशी दोऱ्याला पहिली गाठ पडली. सुई त्यांच्या हाती देत नाहीत, हाताने गुंफतात. कधी हार होतो, कधी अर्ध्यातच सारा सुटतो. आपण कोण, हे मुलास त्या अजून सांगू शकत नाहीत, आणि संध्याकाळ झाली की ‘मला घरी न्या’ म्हणून स्वतःच्याच घरात रडतात. तेही तसेच आहे. परंतु शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेस मुलगा त्यांना घेऊन येतो. आजी पुढच्या बाकावर, ध्वनिवर्धकापासून दूर बसतात. मध्येच गाऊ लागल्या तर आम्ही प्रवचन थांबवितो, आणि गायकमंडळ तेच गीत त्यांच्याबरोबर पुरे करते. प्रवचन त्यामुळे आखूड होते, याबद्दल अद्याप कोणाची तक्रार आलेली नाही.

गेल्या शनिवारी पवित्र मरियेच्या मूर्तीस घातलेल्या हारात कळ्यांच्या मध्येच दोन पिकली पाने व पेरूचा एक देठ गुंफलेला होता. आमचे मंदिर सांभाळणारे भाऊ तो काढून टाकीत होते. आम्ही त्यांना राहू दे म्हणून सांगितले. रविवारच्या मोठ्या मिस्सेपर्यंत तो तसाच होता.